चंचुपात्राला दोनशे बारा मतं

"शनिवारी सकाळी नऊ ते दहा," मंदाकिनीबाई शाळिग्राम पोह्यांवर खोबरं पेरता पेरता म्हणाल्या, "एका तासात सगळ्या गल्लीला मतदान शिकवून मोकळी होणार. यात चुकण्यासारखं काहीही नाही."

गोपाळकृष्णांनी वर्तमानपत्र खाली केलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोचं 'काहीही नाही' त्यांनी पुष्कळदा ऐकलं होतं. प्रेशर कुकरची शिट्टी घरीच दुरुस्त केली तेव्हा ऐकलं होतं, आणि त्यानंतर छताला रंग देताना पुन्हा आठवलं होतं.

"नऊ म्हणजे नऊ ना?" त्यांनी एवढंच विचारलं.

"नऊ म्हणजे नऊ!"

मंदाकिनीबाईंनी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. बोलणं कमी आणि मोजून. त्यांच्याकडे पाहुणा आला तर "चहा घेणार?" हा प्रश्न एकदाच व्हायचा. नाही म्हटलं तर नाहीच! अशा बाईंनी अचानक मतदार गोळा करायला घ्यावेत याचं कारण होतं उत्कर्षा.

उत्कर्षा दहावीत होती. तिची आई मुक्ताई वाशीमकडची. कसबा पेठेतल्या बाइंडिंगच्या कारखान्यात वह्या शिवायची. मुलगी दुपारी बाईंकडे विज्ञान शिकायला यायची. एके दिवशी बाईंनी तिच्या हातात परीक्षानळी दिली, तर पोरीने ती नवजात बाळासारखी दोन्ही हातांत धरली.

"अगं, चिमट्यात धर! शाळेत कशी धरतेस?"

"शाळेत आम्ही काढतो, बाई."

"कपाटातून?"

"नाही. पेन्सिलीने."

मंदाकिनीबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

चौकशी केली तेव्हा कळलं, की शेजारच्या गल्लीतल्या त्या महापालिकेच्या शाळेत प्रयोगशाळा होती. चांगली, तळमजल्यावर, दोन दारांची. पण चार वर्षांपूर्वी त्या भागाचे तेव्हाचे नगरसेवक महिपतीअण्णा यांनी चौकाचौकात ठेवायला बेचाळीस स्टीलचे बाक करून घेतले, प्रत्येकाच्या पाठीवर स्वतःचं नाव कोरून घेतलं, आणि मुदत संपायच्या आठवड्यात ते 'दोन दिवसांसाठी' प्रयोगशाळेत ठेवून कुलूप लावलं. त्यानंतर निवडणुकाच लांबल्या. बाक आत, मुलं बाहेर, किल्ली अण्णांच्या कमरेला.

आता परीक्षा मंडळाचं पत्र आलं होतं. मुख्याध्यापिका तनुजा मॅडमनी ते बाईंना दाखवलं. निरीक्षक येणार, प्रयोगशाळा वापरात दिसली नाही, तर दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा पार शहराबाहेर, मांजरी गावातल्या एका शाळेत होणार. म्हणजे दोन बस, दीड तास, आणि कधीही न पाहिलेल्या टेबलावर कधीही न धरलेली नळी. वीस गुण! उत्कर्षाला पुढे सायन्सला जायचं होतं.

"मी सहा अर्ज केले," तनुजा मॅडम म्हणाल्या. "सगळीकडून एकच उत्तर. नवं सभागृह निवडून आलं की बघू."

मंदाकिनीबाईंनी घरी येऊन गल्लीची मतदार यादी काढली. मतदार दोनशे अडुसष्ट. मागच्या महापालिकेला मतदान केलेले एक्याण्णव.

"तुम्ही कुठे होतात त्या दिवशी?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"महाबळेश्वरला. सुट्टी होती."

"कशाची सुट्टी?"

"मतदानाची," गोपाळकृष्ण म्हणाले आणि पेपर पुन्हा वर केला.

झालं! बाईंनी वहीत एक ओळ लिहिली. अभ्यासक्रम मंडळ ठरवतं, पेपर मंडळ काढतं, पण खोलीची किल्ली वॉर्डात असते. दिल्लीच्या आणि मुंबईच्या निवडणुकीला आपण दोन दोन तास रांगेत उभे राहतो, आणि ज्याच्या कमरेला किल्ली आहे त्याला निवडायच्या दिवशी स्ट्रॉबेरी खातो.

त्यात एक अडचण होती. या निवडणुकीत एका प्रभागातून चार नगरसेवक, त्यामुळे एका माणसाने चार वेळा बटण दाबायचं. गल्लीत याबद्दल भयंकर गोंधळ होता. कोणी म्हणे, चारपैकी एकच दाबलं तरी चालतं. कोणी म्हणे, घरातल्या चौघांनी एकेक दाबायचं. तेव्हा बाईंनी घरोघर जाऊन यादीतली नावं तपासली, आणि ठरवलं, रंगीत तालीम!

शुक्रवारी गल्लीतल्या मंदिराच्या सभागृहाबाहेर सूचना लागली.

*मतदानाची तालीम. शनिवार, सकाळी ९. नंतर येणाऱ्यांना दार बंद दिसेल. उमेदवार काल्पनिक आहेत. चहा मिळणार नाही.*

चहा मिळणार नाही हे वाचून गल्लीची खात्रीच पटली, की आत काहीतरी महत्त्वाचं आहे! शनिवारी पावणेनऊला दोनशे तेरा माणसं हजर.

तयारी शास्त्रशुद्ध होती. चार रंगांच्या चिठ्ठ्या, चार खोकी, प्रत्येक खोक्यावर एक कळ. चिठ्ठी टाकायची आणि कळ दाबायची. उत्कर्षाने चारही कळा एकसर जोडणीत जोडल्या होत्या, म्हणजे चारही दाबल्याशिवाय घंटा वाजणार नाही. आणि खऱ्या उमेदवारांचा गंध नको म्हणून चिठ्ठ्यांवर नावं होती चंचुपात्र, परीक्षानळी, नरसाळं आणि चिमटा. शेजारी उत्कर्षाने काढलेली चित्रं.

"आता नीट बघा," बाई म्हणाल्या. "समजा, मला पांढऱ्या चिठ्ठीत चंचुपात्राला मत द्यायचं आहे. मग मी इथे फुली मारते."

"बाई, मले एकच माणूस पसंत हाय अन् बाकीचे तिघं नाही, तं?" मुक्ताईने विचारलं.

"तर उरलेल्या तिन्ही ठिकाणी 'वरीलपैकी कोणीही नाही'. पण चारही पूर्ण करायचं. घंटा वाजल्याशिवाय कोणी हलायचं नाही!"

कोणी हललं नाही. एका आजोबांनी तिसरी कळ न दाबता दाराकडे पाऊल टाकलं, तर मागची सगळी रांग ओरडली, "आजोबा, घंटा!" घंटा दोनशे तेरा वेळा वाजली. आपली शाळेतली कारकीर्द इतकी सुरळीत कधीच गेली नव्हती, असं बाईंना वाटलं.

मग मोजणी झाली. पांढरी चिठ्ठी: चंचुपात्र दोनशे बारा, चिमटा एक.

बाईंनी जे करून दाखवलं, तेच सगळ्यांनी तंतोतंत केलं होतं! चिमट्याचं एक मत कोणाचं, हे त्यांना न विचारता कळलं. ते मत मागच्या खुर्चीत पेपर वाचत बसलं होतं.

शिस्त म्हणून त्यांनी निकाल फळ्यावर लिहिला. शिस्त म्हणूनच कोणीतरी त्याचा फोटो काढला. आणि दुपारपर्यंत तो फोटो सगळ्या कसब्यात फिरून, दोनदा मंडईला जाऊन परत आला. खाली मजकूर: *शाळिग्राम बाईंच्या मागे २१२ मतं. एकगठ्ठा. निशाणी चंचुपात्र.*

कारण असं, की निवडणुकीच्या तोंडावर एखादी व्यक्ती घरोघर जाऊन नावं तपासते, सभागृह भरवते, चहासुद्धा देत नाही, आणि तिला स्वतःला काही नको आहे, यावर पेठेत कोणाचाही विश्वास बसणं शक्य नव्हतं. आणि अर्ज भरायची मुदत मंगळवारी दुपारी तीनपर्यंत होती!

संध्याकाळी बेल वाजली. दारात साईनाथभाऊ. या खेपेचे तरुण इच्छुक. गळ्यात उपरणं, मागे आठ माणसं, आठही जणांच्या चपला बाहेर व्यवस्थित ओळीत.

"काकू, नमस्कार! आशीर्वाद द्या. आणि एक विनंती. तुम्ही फॉर्म भरू नका."

"मी भरणारच नाहीये."

साईनाथने मागच्या आठ जणांकडे पाहिलं. आठही जणांनी माना हलवल्या. बघा, काय मुरलेली बाई आहे!

"सगळे असंच म्हणतात, काकू. सोमवारपर्यंत. पण मग तुमचा पाठिंबा कोणाला?"

"ज्याला द्यायचा त्याला. मत गुप्त असतं."

"बापरे!" आठांपैकी एक पुटपुटला.

"मग तुम्हाला नेमकं हवंय काय?"

"प्रयोगशाळा."

साईनाथभाऊंनी या शब्दावर पायरी उतरेपर्यंत विचार केला. नंतर गोपाळकृष्णांना खिडकीतून ऐकू आलं, "स्थायी समितीला म्हणत असतील. कोडवर्ड आहे!"

रविवारी सकाळी साडेआठला महिपतीअण्णा आले. एकटे. पांढरेशुभ्र कपडे, हातात पेढ्यांचा पुडा.

"बाई, साईनाथ येऊन गेला म्हणे. काय देऊ केलं त्यानं?"

"महिपती, आधी चपला काढ."

अण्णांनी मुकाट्याने चपला काढल्या. छत्तीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शाळेत ते बाईंच्या वर्गात तिसऱ्या बाकावर होते, आणि बहुतेक तास बाकावर उभेच होते.

"ते पेढे परत ने. आणि प्रयोगशाळा उघड."

"उघडली असती हो! देवाशप्पथ!" अण्णांनी गळ्याला हात लावला. "पण आचारसंहिता लागलीय. दार उघडलं की बेचाळीस बाक, बेचाळीस वेळा माझं नाव! भरारी पथक मला उचलून नेईल!"

"आणि मागची चार वर्षं?"

"चार वर्षं सभागृहच नव्हतं! मग वाटप कोणाच्या हस्ते करायचं?"

बाईंनी नुसतं रोखून बघितलं. तीन सेकंद. त्या बघण्याला अण्णा अजून घाबरत.

"बरं, देतो किल्ली!" अण्णा म्हणाले. "तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या, की मी फॉर्म भरणार नाही."

"मी भरणार नाही. पण लिहून देणार नाही."

"आता हे काय!"

"किल्लीच्या बदल्यात लिहून दिलं तर तो सौदा होतो. किल्ली शाळेची आहे, तुझी नाही. शाळेची वस्तू शाळेला द्यायला माझी सही कशाला?"

अण्णा उठून उभेच राहिले. तीस वर्षांच्या राजकारणात त्यांना काहीच न मागणारा माणूस भेटला नव्हता. म्हणजे मागणं केवढं मोठं असणार! ते तसेच पळाले. पेढे मात्र आठवणीने परत नेले.

"संपलं," मंदाकिनीबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "पोरं जाणार मांजरीला. मी तालीम घेतली आणि तमाशा झाला."

इतका वेळ दारात उभी असलेली मुक्ताई आत आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाई, तुमी काहून तोंड पाडून राहिल्या? त्याईले वाटून राहिलं ना तुमच्या मांगं दोनशे बारा माणसं हायेत?"

"पण नाहीयेत ना! ती चंचुपात्राच्या मागे आहेत!"

"मंग असू द्या. आमी हावोतच की. माणसं तं खरी हायेत ना बाप्पा! उद्यापासून जो दारात येईन त्याले एकच विचारायचं, शाळेची किल्ली कुठं हाय? मीच सांगतो सगळ्याईले."

आणि सोमवारी कसब्यात जे झालं ते बघण्यासारखं होतं! अण्णा पहिल्या घरात हात जोडून गेले. "ताई, लक्ष असू द्या." "असू दे की. किल्ली कुठंय, अण्णा?" दुसऱ्या घरात लोणचं घालणाऱ्या आजींनी बरणीतून मान वर न काढता विचारलं. तिसऱ्या घरात तर दारावर पाटीच होती. *उमेदवारांनी किल्ली आणली असल्यासच बेल वाजवावी.*

साईनाथभाऊंनाही तोच प्रश्न. त्यांनी एका दारात जोरात सांगून टाकलं, "मी उघडून देतो! उद्याच! अकरा वाजता!" हे अण्णांच्या कानावर जायला चार मिनिटं लागली.

मंगळवारी अकराला शाळेत अर्धी पेठ लोटली. एकीकडून अण्णा किल्ली उंच धरून आले, दुसरीकडून साईनाथभाऊ एका किल्लीवाल्याला स्कूटरवर घालून आले.

"माझं कुलूप आहे, मी उघडणार!"

"शाळेचं दार आहे, मी उघडणार!"

"दोघं ओळीत उभे राहा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. दोघं ओळीत उभे राहिले. उंचीप्रमाणे!

अण्णांनी किल्ली घातली, फिरवली, आणि कट्! चार वर्षांच्या गंजाने अर्धी किल्ली आत ठेवून घेतली. अण्णा उरलेल्या तुकड्याकडे मुंडावळ्या तुटलेल्या नवरदेवासारखे बघत राहिले. मग साईनाथच्या किल्लीवाल्याने अण्णांच्या कुलपातून अण्णांची किल्ली काढली, आणि दार उघडलं. तनुजा मॅडमनी जागच्या जागी नोंदवहीत लिहिलं, *दोन्ही इच्छुकांच्या समक्ष, तिसऱ्या माणसाने उघडली.*

आत बेचाळीस बाक एकमेकांवर चढून बसले होते. आता नावांचं काय? पण मुक्ताईने रात्रपाळीच्या बायांना सांगून कारखान्यातल्या उरल्यासुरल्या खाकी कागदाचा गठ्ठा आणलाच होता.

"वह्यायले घालतो तसं बाकायले कव्हर घालू. त्यात काय!"

दहावीचा अख्खा वर्ग कामाला लागला. कोपरे दुमडून, चिकटपट्टी लावून, शाळेच्या पहिल्या दिवशी घालतात तशी कव्हरं! अण्णा एकेका बाकाजवळ जाऊन हळूच म्हणत होते, "वर लेबल तरी लावा रे."

तेवढ्यात कोणीतरी फोन केला असावा. भरारी पथक आलं! जीपमधून एक अधिकारी, एक कॅमेरावाला, एक हवालदार उतरले. अण्णा खांबाआड गेले. खांब त्यांना पुरला नाही.

"हे काय आहे?" अधिकाऱ्यांनी पटांगणात मांडलेल्या बेचाळीस खाकी पुडक्यांकडे बोट दाखवलं.

"बाक," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"गुंडाळलेत का?"

गर्दी दोन पावलं पुढे सरकली. साईनाथ हळूच म्हणाला, "काकू, धुळीसाठी म्हणा."

"त्यांच्यावर उमेदवाराचं नाव आहे," बाई म्हणाल्या. "आचारसंहितेत ते दिसता कामा नये. म्हणून."

अधिकाऱ्यांनी हातातली वही मिटली. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, आज सकाळपासून अकरा ठिकाणी फिरलो. प्रत्येक ठिकाणी आम्ही झाकायला सांगतोय आणि लोक भांडतायत. न सांगता झाकलेलं हे पहिलंच! आणि कोपरेसुद्धा दुमडलेत!" त्यांनी कॅमेरावाल्याला कोपऱ्यांचा जवळून फोटो घ्यायला लावला. मग प्रयोगशाळेत डोकावले, दोन्ही दारं बघितली, पंखा लावून बघितला, आणि वहीत काहीतरी लिहून गेले.

त्या दुपारी तीन वाजता दोन्ही पक्षांची माणसं अर्ज भरायच्या कार्यालयाच्या फाटकात दबा धरून होती, शाळिग्राम बाई येतात का ते बघायला. त्या वेळी बाई घरी झोपल्या होत्या. चांगल्या घोरत होत्या, असं गोपाळकृष्णांचं म्हणणं. ते बाईंना मान्य नाही.

पुढचे नऊ दिवस प्रयोगशाळेत आंघोळी चालल्या. टेबलांच्या, कपाटांच्या, बरण्यांच्या. बाईंनी एकेक चंचुपात्र स्वतः घासलं. आणि निरीक्षक आले तेव्हा त्यांनी नेमकं उत्कर्षालाच बोलावलं.

"हं, आम्ल ओळखून दाखव."

उत्कर्षाने नळी चिमट्यात धरली. दोन थेंब द्रावण, निळा लिटमस आत. कागद लाल झाला. तिने नळी स्टँडमध्ये ठेवली, चिमटा जागेवर ठेवला, टेबल पुसलं, आणि मगच म्हणाली, "आम्ल, सर."

"किती वर्षं वापरताय ही लॅब?"

"नऊ दिवस, सर."

निरीक्षक हसले. परीक्षा इथेच! मांजरी रद्द! तनुजा मॅडमनी मंडळाचा शिक्का बसलेलं पत्र वर्गात मोठ्याने वाचलं, आणि मुक्ताई कारखान्यातून तशीच, डिंकाच्या हातांनी, धावत आली. लेकीच्या पाठीवर तिने दोन्ही पंजे उमटवले. उत्कर्षा तो गणवेश धुवायला देईना.

मतदानाच्या आदल्या दिवशी मात्र प्रयोगशाळेला पुन्हा कुलूप लागलं! तळमजला, दोन दारं, उजेड, पंखा. त्या भरारी अधिकाऱ्यांनी वहीत हेच लिहून नेलं होतं. वरच्या मजल्यावरचं मतदान केंद्र खाली प्रयोगशाळेत आलं होतं.

"दोनच दिवस," तनुजा मॅडम घाईघाईने म्हणाल्या. मग त्यांचा त्यांनाच तो शब्द टोचला. "या खेपेला किल्ली माझ्याकडे आहे!"

मंदाकिनीबाईंना वाईट वाटलं नाही. उलट! सगळी गल्ली आपल्या प्रयोगशाळेत, आपण घासलेल्या चंचुपात्रांच्या साक्षीने मतदान करणार! त्यांनी ठेवणीतली इरकल काढली. सात वाजता नवऱ्यासह रांगेत. त्यांच्या मागे गल्ली वाढत वाढत कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत गेली. दिवसअखेर दोनशे अडुसष्टपैकी दोनशे एकतीस भरले. चारही बटणं दाबून! आत यंत्राचा आवाज होईपर्यंत एकही जण जागचा हलेना, त्यामुळे शेवटी केंद्राध्यक्षच म्हणाले, "अहो, झालं, आता निघा!"

पण त्याआधी, सकाळी सातलाच, फाटकात हवालदाराने दोघांच्या मतदार चिठ्ठ्या तपासल्या. गोपाळकृष्णांना आत सोडलं. बाईंची चिठ्ठी त्याने उलटसुलट केली.

"आजी, तुमचं मतदान इथं नाही."

"असं कसं? यांचं आहे ना?"

"यांचं आहे. तुमचं नाव शेजारच्या प्रभागात गेलंय. मंडईच्या पलीकडची शाळा."

मंदाकिनीबाईंनी गल्लीतली सगळी नावं दोनदा तपासली होती. पत्ता, वय, वडिलांचं नाव, सगळं! स्वतःचं तपासायचं असतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"निदान आत एकदा बघून येऊ दे, बाळ. ती प्रयोगशाळा..."

"ज्यांचं मतदान नाही त्यांना आत सोडता येत नाही, आजी. नियम आहे."

नियम म्हटल्यावर बाई काय बोलणार! त्या बाजूला झाल्या. मंडईपलीकडच्या त्या प्रभागात कोण उभं आहे, कोणती शाळा आहे, कशाला कुलूप आहे, यातलं त्यांना काडीचंही माहीत नव्हतं. पर्समधून वही काढून त्यांनी कोरं पान उघडलं आणि मंडईचा रस्ता धरण्यापूर्वी नवऱ्याची वाट बघत थांबल्या.

दहा मिनिटांनी गोपाळकृष्ण बाहेर आले. बोटावरची शाई वाळवत, महाबळेश्वरहून आल्यासारखे ताजेतवाने.

"कशी दिसतेय हो?" बाईंनी अधीर होऊन विचारलं.

"छान आहे," गोपाळकृष्ण म्हणाले. "तू यायला हवं होतंस."